सेंट्रल हीटिंगचं प्रेशर हळूहळू उतरतंय? पाणी कुठून जातंय ते असं शोधा

ब्रिटनमधल्या घरांत थंडी सुरू झाली की हे दुखणं डोकं वर काढतं. बॉयलरच्या गेजवर सोमवारी दीड बार (बार हे दाबाचं माप), शुक्रवारी एक, पुढच्या आठवड्यात काटा लाल पट्ट्यात, आणि एका सकाळी बॉयलर बंदच. मग फिलिंग लूपच्या (हीटिंगमध्ये नळाचं पाणी भरायच्या नळीच्या) चाव्या फिरवून काटा पुन्हा दीडवर आणला जातो, घर गरम होतं आणि विषय मागे पडतो. पाणी जातंय कुठे, हे कोणी बघत नाही.

आपल्याकडच्या बंबात किंवा गिझरमध्ये पाणी येतं, तापतं आणि वापरलं जातं. इथे तसं नसतं. कॉम्बी (नळाचं पाणीही टाकीशिवाय तापवणारा) किंवा सिस्टम (गरम पाण्याची टाकी वेगळी असलेला) बॉयलरच्या हीटिंगमध्ये तेच ते पाणी वर्षानुवर्षं पाइप आणि रेडिएटरमधून फिरत राहतं. तीन बेडरूमच्या घरात ते साधारण १०० लिटर असतं. त्यात गंजरोधक औषध मिसळलेलं असतं आणि विरघळलेला ऑक्सिजन सुरुवातीलाच गंज धरण्यात संपून गेलेला असतो. दर वेळी वरून ताजं पाणी भरलं की औषध पातळ होतं, नवा ऑक्सिजन आत जातो, रेडिएटर आतून गंजतात, काळा गाळ तयार होतो आणि काही वर्षांनी नवी भोकं पडतात. वर्षातून एक-दोनदा भरावं लागलं तर चालण्यासारखं आहे. दर महिन्याला लागत असेल तर शोध घ्यायला हवा. दर आठवड्याला लागत असेल तर तो या शनिवारीच घ्या.

(माळ्यावर लहान टाकी असलेल्या जुन्या उघड्या पद्धतीच्या हीटिंगला हे लागू नाही. तिथे गेजही नसतं.)

आधी वही, मग पाना

गरम असतानाचा आकडा आणि थंड असतानाचा आकडा यांची तुलना करण्यात अर्थ नाही. २० अंशांचं पाणी ७० अंशांवर गेलं की सुमारे २ टक्के फुगतं, म्हणजे १०० लिटरमागे २ लिटर जास्त. त्यामुळे थंडपणी १.२ बार असलेला काटा हीटिंग चालू असताना २ च्या आसपास जातो आणि थंड झाल्यावर परत येतो. यात बिघाड काहीच नाही.

म्हणून रोज सकाळी, हीटिंग सुरू व्हायच्या आधी, आकडा लिहून ठेवा. संध्याकाळी हीटिंग तासभर चालल्यावर दुसरा आकडा लिहा. चार-पाच दिवस पुरतात. त्या काळात पाणी भरू नका, रेडिएटरमधली हवा काढू नका, आणि फिलिंग लूपची विणलेली चंदेरी नळी काढून दोन्ही टोकांना टोपणं लावा. ती काढून ठेवणं इथल्या पाणीपुरवठ्याच्या नियमांतही आहे, कारण हीटिंगचं घाण पाणी पिण्याच्या पाण्यात उलटं जाता कामा नये. आपल्या कामापुरतं कारण वेगळं आहे. लूपची चावी जराशी पाझरत असेल तर ती गुपचूप पाणी भरत राहते आणि खरी गळती झाकली जाते. ज्या बॉयलरमध्ये फिलिंग लूप आतच असतो, तिथे निदान चावी पूर्ण बंद आहे ना, ते बघा.

वहीतून तीनपैकी एक चित्र दिसतं. संध्याकाळी काटा २.५ च्या वर, ३ कडे धावतो आणि सकाळी तळाला असतो: इथे बहुधा पाइप फुटलेला नाही, एक्स्पान्शन व्हेसलचं, म्हणजे फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या डब्याचं, दुखणं आहे. हीटिंग चालू असो वा बंद, काटा रोज सारखाच थोडा थोडा उतरतो: ही खरी गळती. आणि काटा चढतच राहतो: फिलिंग लूप पाझरतोय किंवा कॉम्बीमधल्या प्लेट हीट एक्स्चेंजरला (इथे हीटिंगच्या पाण्याने नळाचं पाणी तापतं) आतून भोक पडलंय, कारण नळाच्या पाण्याचा दाब हीटिंगपेक्षा जास्त असतो. तो आजारच वेगळा.

रेडिएटरमधली हवा नुकतीच काढली असेल किंवा सगळं पाणी बदललं असेल, तर पहिला आठवडाभर काटा थोडा उतरणारच. ताज्या पाण्यातली हवा सुटून बाहेर पडत असते.

दोनशे मिलीची परीक्षा

एक्स्पान्शन व्हेसल म्हणजे मधोमध रबरी पडदा असलेला डबा. पडद्याच्या एका बाजूला हीटिंगचं पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. कॉम्बीमध्ये तो साधारण ८ ते १० लिटरचा असतो आणि हवा ०.७५ ते १ बारला भरलेली असते. फुगलेलं पाणी याच हवेला दाबून जागा करून घेतं. वर्षागणिक हवा हळूहळू निसटते. हवा गेली की फुगलेल्या पाण्याला जागाच उरत नाही, प्रेशर सरळ ३ बारला भिडतं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी घराबाहेर टाकतो. रात्री सगळं थंड झालं की तेवढं पाणी कमी पडतं आणि काटा शून्याकडे जातो. मग माणूस पुन्हा दीड बार भरतो, संध्याकाळी तेच पाणी पुन्हा बाहेर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार: फरशी उकरायची तयारी चालू, आणि दोष मात्र डब्यातल्या हवेचा.

व्हेसल कामाचा आहे की नाही, हे झाकण न उघडता कळतं. बॉयलर बंद करा आणि सगळं पूर्ण थंड होऊ द्या. प्रेशर १.५ बारला आणा. मापाचा कप घेऊन एखाद्या रेडिएटरच्या ब्लीड स्क्रूमधून (हवा काढायचा) किंवा ड्रेन कॉकमधून (पाणी काढायची खालची तोटी) बरोबर २०० मिली पाणी काढा. खाली जुना टॉवेल हवाच. हे पाणी शाईसारखं काळं असू शकतं आणि कार्पेटवर पडलं तर डाग निघत नाही.

आता गेज बघा. ८ लिटरचा निरोगी व्हेसल असेल तर काटा जेमतेम ०.१ बारने हलेल. तो १.५ वरून धाडकन १ च्या खाली किंवा ०.५ वर आला, तर व्हेसलमध्ये हवा नाही. निरोगी व्हेसल असताना काटा १.५ वरून १ वर यायला जवळजवळ दीड लिटर पाणी जावं लागतं. हवा नसलेल्या व्हेसलमध्ये तीच घसरण चहाच्या एका कपाने होते. म्हणजे तुमची गळती वाटते तेवढी मोठी नसेल. उलटंही खरं आहे. व्हेसल चांगला असून आठवड्याला अर्धा बार जात असेल, तर दीड लिटर पाणी कुठेतरी नक्की मुरतंय.

हा दीड लिटर थेंबांत मांडला की गळती दिसत का नाही ते कळतं. आठवड्याला दीड लिटर म्हणजे मिनिटाला सुमारे तीन थेंब. कोमट पाइपावर पडलेले तीन थेंब खाली पोचायच्या आत वाळून जातात. महिन्याला अर्धा बार उतरत असेल तर दीड मिनिटाला एकच थेंब. तिथे ओल शोधू नका, ओलीने मागे ठेवलेला डाग शोधा.

व्हेसलमध्ये हवा भरायची तर सायकलच्या ट्यूबला असतो तसलाच व्हॉल्व्ह त्यावर असतो आणि साधा पायपंप चालतो. पण हीटिंगचं प्रेशर आधी शून्यावर आणायचं आणि हवा भरताना ड्रेन कॉक उघडा ठेवायचा. नाहीतर पंपाचा आकडा पाण्याचा दाब सांगेल, हवेचा नाही. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटलाय आणि व्हेसल बदलायलाच हवा. हवा बरोबर आहे आणि तरी काटा धावतोय, तर व्हेसलकडे जाणारी बारीक नळी गाळाने तुंबलेली असू शकते. गरम पाण्याच्या टाकीजवळ बाहेर लावलेला लाल व्हेसल असेल तर हे काम हाताशी आहे (पांढरा किंवा निळा बहुधा नळाच्या पाण्याचा असतो, त्याला हात लावू नका). व्हेसल बॉयलरच्या आत असेल तर इंजिनिअरला बोलवा. गॅस बॉयलरचं सीलबंद कव्हर उघडणं हे गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेल्या माणसाचंच काम आहे. त्याच्याकडे ओळखपत्र असतं आणि कोणत्या कामांची परवानगी आहे ते कार्डाच्या मागे लिहिलेलं असतं. ते कार्ड मागून घेऊन बघायला लाजू नका.

बाहेरचा तांब्याचा पाइप

बॉयलरच्या मागच्या भिंतीतून एक १५ मिमीचा तांब्याचा पाइप बाहेर येऊन बहुधा पुन्हा भिंतीकडे वळवलेला दिसतो. तो सेफ्टी व्हॉल्व्हचा. त्याच्या तोंडाला पातळ प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने सैल अडकवा आणि वरच्या बाजूला एक छोटं भोक ठेवा. तोंड बुचासारखं घट्ट कधीही बंद करायचं नाही. हा पाइप जिवाच्या सुरक्षेसाठी आहे आणि त्यातून उकळतं पाणी येऊ शकतं. एक दिवस आणि एक रात्र जाऊ द्या. पिशवीत चमचाभर जरी पाणी साचलं तरी व्हॉल्व्ह गळतोय.

आता एक मेख. हा व्हॉल्व्ह एकदा उघडला की सीटखाली गाळाचा कण अडकतो आणि पुढे १ बारलाही तो पाझरत राहतो. नुसता व्हॉल्व्ह बदलला आणि व्हेसल तसाच ठेवला, तर नवा व्हॉल्व्हही काही दिवसांत तसाच होईल. नुसत्या व्हेसलमध्ये हवा भरली तर जुना व्हॉल्व्ह पाझरतच राहील. दोन्ही कामं एकाच भेटीत करून घ्या.

बॉयलर की घर?

पिशवी कोरडी राहिली, तर पुढची वाटणी करा. बॉयलरच्या खाली चार-पाच पाइप असतात. त्यांतल्या हीटिंगच्या दोन जाड पाइपांवर, जाणाऱ्या आणि येणाऱ्या, बहुतेक बॉयलरना चपट्या डोक्याचे आयसोलेशन व्हॉल्व्ह असतात. स्क्रूची खाच पाइपाच्या दिशेत असली की उघडा, आडवी असली की बंद.

रात्री बॉयलर विजेच्या स्विचवरूनच बंद करा, तो पूर्ण थंड होऊ द्या, १.५ बार भरा आणि हे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. स्विचवर चिठ्ठी चिकटवा, कारण व्हॉल्व्ह बंद असताना कोणी बॉयलर लावला तर नुकसान होईल. सकाळी गेज बघा.

व्हेसल बॉयलरच्या आत असेल तर गेज आणि व्हेसल दोन्ही बॉयलरच्या बाजूला अडकलेले आहेत. तेव्हा काटा पडला तर गळती बॉयलरमध्ये. काटा जागेवर आहे आणि व्हॉल्व्ह उघडताक्षणी खाली आला, तर गळती घरातल्या पाइपांत किंवा रेडिएटरांत. रात्रीतून व्हेसलचा आधार नसल्यामुळे तिथलं प्रेशर थोड्याशा थेंबांनीही कोसळलेलं असतं, म्हणून हा फरक ठळक दिसतो. जुने व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत, त्यामुळे निकाल अर्धवट वाटला तर दुसऱ्या रात्री पुन्हा करून बघा.

बॉयलरकडे बोट गेलं तर एक ठिकाण लोक विसरतात. कंडेन्सेटचा, म्हणजे बॉयलरच्या धुरातून निवळलेल्या पाण्याचा, प्लॅस्टिकचा पाइप. बॉयलर चालू असताना त्यातून पाणी ठिबकणं हे त्याचं कामच आहे. पण बॉयलर कित्येक तास बंद आणि थंड आहे, तरीही त्यातून थेंब येतायत, तर मुख्य हीट एक्स्चेंजरला (ज्योतीवर हीटिंगचं पाणी तापवणाऱ्या भागाला) भेग गेली आहे आणि हीटिंगचं पाणी सरळ गटारात जातंय. घरात कुठेही ओल नाही, भिंती कोरड्या, फरशी कोरडी, आणि काटा मात्र उतरतोय, तेव्हा पहिला संशय इथेच घ्यावा. जुन्या बॉयलरला हा भाग बसवायचा की नवा बॉयलर घ्यायचा, हा हिशेब इंजिनिअरसमोर बसूनच करा.

रेडिएटरांची फेरी

ही फेरी पहाटे, सगळं थंड असताना. धातू तापला की फुगून सांधे आवळले जातात आणि जे झिरपतं तेही वाळतं. संध्याकाळी गरम रेडिएटरवर हात फिरवून काही सापडत नाही.

टिश्यू पेपरचा तुकडा प्रत्येक सांध्याभोवती फिरवा आणि पेपर बघा. व्हॉल्व्हचा दांडा जिथून वर येतो ती ग्लँड, पाइप जिथे व्हॉल्व्हमध्ये शिरतो तो नट, व्हॉल्व्ह आणि रेडिएटर यांच्यामधला मोठा नट, वरच्या कोपऱ्यातला ब्लीड स्क्रू, समोरच्या कोपऱ्यातलं बूच. पितळ-तांब्यावर हिरवट पांढरी खपली, नटाखाली तपकिरी ओघळ, कार्पेटच्या कडेला काळपट ठिपका, रेडिएटरच्या खालच्या शिवणीवर रंगाचे फुगे. यातलं काहीही दिसलं की त्या सांध्याला किचन टॉवेलची घट्ट पट्टी बांधून रात्रभर ठेवा. ओला भाग सकाळी वाळला तरी कागदावर वलय उमटलेलं राहतं.

दार-भिंतीजवळ सर्वांत खालच्या पाइपावरचे ड्रेन कॉक बघा, त्यांचे वायसर वर्षानुवर्षं कोणी बदललेले नसतात. मॅग्नेटिक फिल्टर (चुंबकाने गाळ पकडणारा) नुकताच साफ केला असेल तर त्याच्या झाकणाची रबरी रिंग. टाकीच्या कपाटातला आपोआप हवा सोडणारा व्हॉल्व्ह, ज्याच्या टोकावर पांढरा क्षार जमलेला असतो.

ग्लँड झिरपत असेल तर नट घड्याळाच्या दिशेने एक-अष्टमांश फेरा आवळा, त्याहून जास्त नाही. थांबलं नाही तर त्या रेडिएटरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, ब्लीड स्क्रू उघडून आतला दाब सोडा, ग्लँड नट वर सरकवा, टेफ्लॉन टेपची वळलेली दोरी दांड्याभोवती दोन-तीन वेढे घालून बारीक स्क्रूड्रायव्हरने आत चेपा आणि नट परत बसवा. लॉकशील्ड (रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाचा टोपीखालचा व्हॉल्व्ह) बंद करताना किती फेरे लागले ते मोजून मास्किंग टेपवर लिहून तिथेच चिकटवा. उघडताना तेवढेच उघडायचे, नाहीतर घरभराचा समतोल बिघडतो आणि एक खोली थंड राहते. मोठे नट आवळताना दुसऱ्या पान्याने व्हॉल्व्ह धरून ठेवा. पाव फेऱ्याने थांबलं नाही तर जोर करू नका, आतली पितळी रिंग चिरडली की गळती वाढते.

रेडिएटरच्या पत्र्यालाच भोक पडलं असेल तर दुरुस्ती नाही. तो बदला.

सांधे सगळे कोरडे असतील तर एकेक रेडिएटर दोन्ही बाजूंनी बंद करून एक-दोन रात्री आकडा बघता येतो. टीआरव्हीचं (खोलीच्या तापमानानुसार उघडझाप करणाऱ्या रेडिएटर व्हॉल्व्हचं) डोकं शून्यावर फिरवून भागत नाही. खोली फार थंड झाली की बर्फ धरू नये म्हणून तो स्वतःहून उघडतो. डोकं काढून खाली दाबून बसणारी प्लॅस्टिकची टोपी लावा. वरच्या मजल्याचा मोटरचा झोन व्हॉल्व्ह बंद करून मजला वेगळा झाला असंही समजू नका. तो फक्त जाणारी वाट अडवतो, येणाऱ्या पाइपातून दाब तसाच पोचतो.

फरशीखाली

इथवर सगळं कोरडं, तर उरतात जमिनीखालचे पाइप. लाकडी मजल्यावर संशय खिळ्यांवर घ्या. नवं कार्पेट किंवा त्याच्या कडेच्या खिळेपट्ट्या बसवताना पाइपाला टोक लागतं, आणि खिळा आत रुतलेला असेपर्यंत भोक जवळजवळ बंदच असतं. गंज धरला की महिन्या-वर्षांनी गळायला लागतं. त्यामुळे «काम तर मागच्या वर्षी झालं» हा बचाव धरू नका. तळमजल्यावर काँक्रीटमध्ये वेष्टणाशिवाय पुरलेला तांब्याचा पाइप ओलसर सिमेंटमुळे बाहेरून खाल्ला जातो.

थर्मल कॅमेरा भाड्याने मिळतो. हीटिंग रात्रभर बंद ठेवून सकाळी लावा आणि पहिली १५-२० मिनिटंच बघा. चांगला पाइप बारीक सरळ रेघेसारखा दिसतो, गळती असेल तिथे रेघ पसरून डबक्यासारखी होते. उशीर केला की सगळी फरशीच तापते आणि काही कळत नाही. कॅमेरा नसेल तर अनवाणी चाला. घरातलं मांजर एका विशिष्ट फरशीवरच का झोपतं, याचाही विचार करा.

छतावर ओल आहे पण सकाळचा आकडा स्थिर आहे, तर ते पाणी हीटिंगचं नाही. बाथरूमचं निचऱ्याचं किंवा नळाचं असेल. नळाची गळती पाण्याच्या मीटरवर दिसते, हीटिंगची दिसत नाही.

याच्या पुढे गळती शोधणारे व्यावसायिक. ते पाणी काढून पाइपात ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन यांचं मिश्रण भरतात आणि फरशीवर येणारा वायू यंत्राने हुंगतात. बोलवायच्या आधी घराच्या विम्यात «ट्रेस अँड ॲक्सेस» (गळती शोधायचा आणि तिथवर पोचायला लागणाऱ्या तोडफोडीचा खर्च) आहे का ते वाचा. भाड्याच्या घरात असाल तर खर्च करू नका. इंग्लंडमध्ये हीटिंग दुरुस्त ठेवणं १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ नुसार मालकाकडे येतं. त्याला वहीतल्या आकड्यांचा फोटो ईमेलने पाठवा.

बाटलीतलं औषध आणि शेवटची भरणी

गळती बुजवणारं द्रव औषध बाजारात मिळतं, आणि ते अजिबात खोटं नाही. काँक्रीटखाली दीड मिनिटाला एक थेंब जात असेल तर ते चालूनही जातं. पण सेफ्टी व्हॉल्व्ह, व्हेसल किंवा फुटलेला एक्स्चेंजर यांवर त्याचा उपयोग नाही, आणि गाळ भरलेल्या हीटिंगमध्ये ते बारीक वाटा तुंबवू शकतं. म्हणून वरच्या सगळ्या परीक्षा आधी, बाटली शेवटी, आणि तीही बॉयलर बनवणाऱ्याची ना नाही हे पाहून.

दुरुस्ती झाली की बॉयलर बंद आणि थंड असताना लूप जोडा, दोन्ही चाव्या हळू उघडून १.२ ते १.३ बारला थांबा, दोन्ही बंद करा, नळी काढा. दीडच्या वर भरून ठेवण्याने काही साधत नाही, फक्त गरम झाल्यावर सेफ्टी व्हॉल्व्हचं अंतर कमी होतं. फार कमीही नको. पाण्याचा १० मीटरचा उभा स्तंभ म्हणजे साधारण १ बार, तेव्हा बॉयलर खाली आणि रेडिएटर ५ मीटर वर असेल तर गेजवर ०.५ बार असताना वरच्या रेडिएटरला दाबच उरत नाही आणि तो हवा ओढतो.

गंजरोधक औषध पुन्हा घाला. प्रमाण बाटलीवर असतं, काहींचं १ लिटर १०० लिटर पाण्याला पुरतं. मग वही परत काढा. पहिल्या आठवड्यात हवा सुटल्याने ०.१-०.२ बार गेलं तर चालेल. त्यानंतर सलग १४ सकाळी आकडा तोच राहिला तर किचन टॉवेलच्या पट्ट्या सोडायला हरकत नाही.